दोन दिवसांत सुरू होईल

इंदिरानगर, नाशिक
२३ जून २०२५

जीवन,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी आईच्या हातात देतोस, आणि आई ‘जेवलीस का’ यापलीकडे काही विचारत नाही. म्हणून पत्र. बावीस वर्षं कॉम्प्युटरपुढे बसलेल्या बाईचं अक्षर असंच येणार, नावं ठेवू नकोस. मखमलाबादला मळ्यापर्यंत पोस्टमन अजून येतो असं तुझी आरोही म्हणाली, तेव्हा हे पोचेल.

लंकाच्या दहाव्याला गोदावरीकाठी सगळ्या भाऊबंदांसमोर तू म्हणालास, “हिनं दोन दिवस, दोन दिवस करीत माझी बायको घालवली.” मी गप्प बसले. तिथे बहीणभावाचा तमाशा लोकांना कशाला दाखवायचा? पण गप्प बसले म्हणजे मान्य केलं असं समजू नकोस. मला ते मान्य नाही, आणि का नाही ते आज नीट लिहिते.

तू विचारलं होतंस, रोग माणसाला होतो, मशीनला कसा होईल? ऐक. लंकाला रेडिएशनचा शेक द्यायचं मशीन वेगळं, आणि तो शेक नेमका कुठे, कोणत्या बाजूनं, किती द्यायचा याचा नकाशा वेगळा. एकेका पेशंटचा नकाशा करायला डॉक्टर आणि फिजिक्सवाले सर आठवडाभर बसतात. हे सगळे नकाशे, स्कॅन, रिपोर्ट आमच्याकडे एका मोठ्या कॉम्प्युटरवर असतात. तो सर्व्हर. हॉस्पिटलातले साठ कॉम्प्युटर त्यातूनच वाचतात आणि त्यातच लिहितात. तो सांभाळणं हे माझं काम. साठातल्या एकावर जरी व्हायरस आला तरी या सामाईक फोल्डरांतून तो सर्व्हरवर उतरतो, आणि मग तुझ्या शेवंतीवरच्या करप्यासारखं होतं, सकाळी एक पान, संध्याकाळी अख्खी ओळ. आमच्याकडे आला तो व्हायरस फाइली पुसत नाही. त्यांना कुलपं घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. ती हॉस्पिटलच्या ट्रस्टनं दिली नाही.

गेल्या वर्षी ११ ऑक्टोबरला, शुक्रवारी, लंकाचा बारावा शेक झाला. पंचवीस घ्यायचे होते, आणि त्यानंतर आतून द्यायचे आणखी काही. शनिवारी दसरा, मग रविवार. सोमवारी सकाळी पाहतो तर सगळ्या नकाशांना कुलूप. मशीन धडधाकट उभं, पण नकाशाशिवाय ते सुरू करायचं म्हणजे डोळे बांधून विळा चालवायचा. लंकाचा तेरावा शेक झाला ४ नोव्हेंबरला. मध्ये चोवीस दिवस गेले. या कॅन्सरमध्ये सगळे उपचार आठ आठवड्यांच्या आत उरकावे लागतात, हे डॉक्टरांनी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते उरकले नाहीत. जानेवारीत गाठ होती तशीच होती, आणि पुढचं तू पाहिलंस.

हे कोणामुळे झालं ते तुला ठाऊक आहे, तक्रारीत नाव तूच लिहिलं आहेस. नोंदणीच्या टेबलावरचा रवी. दसऱ्याला त्याची अर्धा दिवस ड्यूटी होती. विमा कंपनीच्या नावानं आलेली मेल त्यानं उघडली, तिच्यातली फाइल उघडली, आणि व्हायरस आत आला.

आता तू म्हणशील, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात दुसरी प्रत नव्हती? होती. रोज दुपारी मी एक डिस्क सर्व्हरला जोडते, सगळं तिच्यावर उतरवते, काढते, रजिस्टरमध्ये ‘काढली’ म्हणून सही करते आणि कपाटात कुलपात ठेवते. जोडलेली नसते म्हणूनच ती सुरक्षित असते. सर्व्हरला व्हायरस लागला तरी कपाटातल्या डिस्कला कसा लागणार? पण तीही गेली. म्हणजे सुट्टीत कुणीतरी ती जोडली होती. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक रवीकडे. या रवीनं पूर्वी एकदा बहिणीच्या लग्नाचे फोटो याच डिस्कवर टाकले होते आणि माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या. चौकशी समितीनं जे समजायचं ते समजलं. मी स्वतः कुणाकडे बोट दाखवलेलं नाही. आणि आणखी एक डिस्क हवी म्हणून मी गेल्या वर्षी जुलैमध्येच मागणी केली होती, हेही तुला माहीत असू दे.

१८ ऑगस्टला ट्रस्टच्या समितीपुढे शेवटची सुनावणी आहे. तू तक्रारदार, मी साक्षीदार. रवी दोषी ठरला की प्रकरण पोलिसांत जाणार आहे. तिथे तरी आपण दोघं एका बाजूला बसू.

आईला सांग, जेवते.

तुझी
ताई

*

इंदिरानगर, नाशिक
९ जुलै २०२५

जीवन,

आरोही रविवारी येऊन गेली. डबा आणला होता, गिलक्याची भाजी आणि भाकरी. पोरीनं आईचा हात उचललाय. जेवताना तिनं खाली मान घालून तुझा निरोप दिला, “पप्पांनी विचारलंय, मम्मीला दुसऱ्या हॉस्पिटलात न्या असं आत्या पहिल्याच दिवशी का नाही म्हणाली?”

मला राग आला. वकिलासारखे प्रश्न सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून कशाला पाठवतोस? ती माझ्याकडे बघत बसली आणि मी तिच्या ताटात भाजी वाढली. तुला विचारायचं असेल तर समोर येऊन विचार, मी काही तुझ्या मळ्यात भाजी चोरायला आलेली बाई नाही.

ती गेल्यावर मागच्या पत्राचा कच्चा कागद काढून वाचला. त्यात एक गोष्ट खोटी आहे. आणखी एका डिस्कची मागणी मी केली नव्हती. कागद टाइप करून ठेवला होता, वर्षभर माझ्या खणात पडून आहे. पाठवला असता तर वरून विचारणा झाली असती की आहे त्या व्यवस्थेत काय कमी आहे, आणि मग व्यवस्था तपासायला कुणीतरी आलं असतं. ते मला नको होतं.

का नको होतं, तेही लिहिते. कुठून तरी सुरुवात करायलाच हवी.

आमच्याकडे व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम आहे. तो सर्व्हरवरची फाइल आधी तपासतो, मग उघडू देतो. नकाशांच्या फाइली अवाढव्य, त्यामुळे एक उघडायला चार-पाच मिनिटं जायची. मशीनवर पेशंट झोपलेला, बाहेर रांग, आणि डॉक्टर फोनवर माझ्या नावानं ओरडताहेत. गेल्या वर्षी जूनमध्ये मी नकाशांचं फोल्डर तपासणीतून वगळून टाकलं. फाइली झटक्यात उघडायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, तुमच्या हाताला यश आहे.” मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. आपल्या घरात मला हुशार म्हणायचे, बाहेर कुणी म्हटलं नव्हतं.

आणि दुसरं. रवीच्या टेबलाला नकाशांशी काही कर्तव्य नाही. तो नावं लिहितो, नंबर देतो. त्याच्या कॉम्प्युटरला त्या फोल्डरमध्ये लिहायची मुभा असायचं कारणच नव्हतं. मी ती साठच्या साठ कॉम्प्युटरांना देऊन ठेवली होती. रोज कुणी ना कुणी ‘मॅडम, फाइल उघडत नाही’ म्हणून माझं डोकं खायचं, म्हणून एकदाच सगळ्यांना सगळं मोकळं केलं आणि सुटले. तेव्हा रवीनं मेल उघडली हे खरं. विम्याची पत्रं उघडणं हेच त्याचं काम आहे, न उघडून करतो काय? पण त्याच्या टेबलापासून लंकाच्या नकाशापर्यंतची वाट मी साफ करून ठेवली होती. इतकी वर्षं लोकांना सांगत आले की अनोळखी मेल उघडू नका, पेन ड्राइव्ह लावू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हे सगळं समितीला माहीत नाही.

आता तुझा प्रश्न. पहिल्या आठवड्यात आमचे एकतीस पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलांत गेले. नव्यानं स्कॅन, नवा नकाशा, आठ-दहा दिवसांत त्यांचे शेक पुन्हा सुरू झाले. लंका थांबली, कारण मी थांब म्हणाले. मला खरंच वाटलं होतं की दोन दिवसांत सुरू होईल. एवढंच त्याचं उत्तर आहे.

डबा आरोहीबरोबर धुऊन पाठवला आहे.

ताई

*

इंदिरानगर, नाशिक
२७ जुलै २०२५

जीवन,

हे पत्र बसून वाच. आरोही घरात नसताना वाच.

काल संध्याकाळी रवी घरी आला. निलंबन झाल्यापासून तो गावी नांदगावला आहे. सकाळी एसटीत बसून आला, हॉस्पिटलात कुणी आत घेतलं नाही, म्हणून विचारत विचारत माझं घर शोधलं. दारातच चपला काढल्या. मी चहा ठेवला तर म्हणाला, नको मॅडम. मग म्हणाला, “मेल मी उघडली, ते मी पहिल्या दिवसापासून कबूल करतोय. पण डिस्क मी नाही लावली हो. त्या फोटोंच्या वेळेला तुम्ही बोललात, तेव्हापासून मी त्या कपाटाला हात नाही लावला. बाकीच्यांचं जाऊ द्या, तुम्हाला तरी पटतंय ना?”

मी म्हणाले, “बघू या.”

बघू या! जीवन, त्यानं डिस्क लावलेली नाही हे मला पटतंय का, हा प्रश्नच नाही. डिस्क मी लावली होती.

त्या शुक्रवारी आमच्याकडे खंडेनवमीची पूजा होती. शनिवारी सुट्टी म्हणून सगळ्या खात्यांनी आदल्या दिवशीच उरकली. आपल्याकडे विळे, खुरपी, फवारणीचा पंप धुऊन पाटावर मांडतो, तसं माझ्या खोलीत सर्व्हर, दोन स्क्रू-ड्रायव्हर, वायर कापायची पक्कड आणि ती डिस्क. डिस्क चार वाजता काढून रजिस्टरात सही केली होती. पूजेला मांडायची म्हणून कपाटातून पुन्हा बाहेर घेतली. दरवर्षी घेते. नुसती पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं आणि आत ठेवायची.

लंकाचा शेक झाला होता आणि तू क्रेट उतरवायला पंचवटीत गेला होतास. ती माझ्या खोलीत येऊन बसली. पिशवीत आपल्या मळ्यातल्या झेंडूचा हार, तिनं स्वतः ओवलेला. अंगात त्राण नव्हतं तिच्या, तरी उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, माझा नकाशा ज्याच्यात हाय त्याला मी घालते हार.” सर्व्हरला हार घातला. मग पाटावरची डिस्क बघून म्हणाली, “ह्याच्यात काय हाय?” मी म्हटलं, तुझ्या नकाशाची दुसरी प्रत. तर म्हणते, “मग ते आसं मेल्यावानी का पडलंय? त्याला दिवा नाय का?”

मी वायर जोडली. डिस्कचा निळा दिवा लागला. लंका हसली. आजार सुरू झाल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिनं कुंकू लावलं, हात जोडले, मी पेढा दिला. तेवढ्यात खालून तुझा फोन आला. मी तिला धरून जिन्यानं खाली आणलं, तुमच्याबरोबर गेटपर्यंत आले, आणि तू म्हणालास, ताई, चल, घरापर्यंत सोडतो. मी टेम्पोत बसले. पर्स हातातच होती. वर परत गेलेच नाही.

तिनं म्हटलं म्हणून झालं असं मी म्हणत नाही, आणि तूही चुकून तसं मनात आणू नकोस. तिला काय माहीत? ती डिस्क का काढून ठेवायची असते हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

सोमवारी साडेआठला मी सगळ्यांच्या आधी पोचले. हार सुकून गेला होता. पडद्यावर खंडणीची नोटीस, आणि डिस्कचा दिवा चालूच. मी वायर ओढली. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर डिस्क लावून पाहिली. एकही फाइल उघडेना. पावणेनऊ वाजले होते. मी डिस्क कपाटात ठेवली, कुलूप लावलं, पाट उचलला, कुंकू पुसलं आणि मग आरडाओरडा केला.

तुझा फोन आला साडेनऊला. “ताई, आज शेक बंद हाय म्हणत्यात. दुसरीकडं नेऊ का हिला?”

तेव्हा मला माहीत होतं. तुला मागच्या पत्रात लिहिलं की वाटलं होतं दोन दिवसांत सुरू होईल. ते खोटं आहे. पावणेनऊपासून मला माहीत होतं की प्रत गेली, नवे नकाशे केल्याशिवाय काहीही सुरू होणार नाही, आणि दोनशे पेशंटांचे नवे नकाशे म्हणजे तीन आठवडे. पण माझ्या सख्ख्या भावजयीला मीच दुसरीकडे पाठवलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, मॅडम, प्रत आहे ना तुमच्याकडे? मग तुमच्याच घरचा पेशंट का हलवताय? म्हणून म्हणाले, थांब, दोन दिवसांत सुरू होईल. बुधवारी तू पुन्हा विचारलंस, पुन्हा तेच म्हणाले. डॉक्टरांनाही सांगत राहिले की डिस्क तपासते आहे. अकरा दिवस तपासत होते! २५ तारखेला बाहेरचा तज्ज्ञ आला आणि त्यानं अर्ध्या तासात सांगितलं, यात काही नाही. मग दिवाळी आली.

एकतीस जण माझ्या शब्दावर विसंबून नव्हते, ते गेले. लंका विसंबली.

१८ तारखेला मी हे समितीपुढे सांगणार आहे. रवीला तुरुंगात पाठवून मला भाकरी गिळता येणार नाही. पण तिथे चारचौघांत तुझ्या कानावर पडण्यापेक्षा आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. तुला जे करायचं असेल ते कर. मला मारलंस तरी मी कुणाला सांगणार नाही.

मंजुषा

*

मखमलाबाद
६ ऑगस्ट २०२५

ताई,

तुझं पत्र भेटलं. दोनदा वाचलं आन् चुलीत घातलं. आरोहीला कळू दिलं नाय, आईला बी नाय.

पहिल्यांदा डोकं लय फिरलं. गाडी काढली होती तुझ्याकडं यायला. पेठरोडला आलो आन् परत फिरलो. येऊन काय केलं असतं ते मलाच माहीत नाय. चार दिवस मळ्यात झोपलो, घरात गेलो नाय. लंका दिवा बघून हसली हे तू लिहिलं, ते वाचून मी लय रडलो. माझ्यापुढं ती वर्षभरात एकदा बी हसली नव्हती.

आता माझं ऐक. तू समितीपुढं काय बोलू नको. तू बोलली का ते विचारतीन, डिस्क कशापायी लावली. मग लंकाचं नाव येईन. आत्ताच गल्लीतल्या बाया म्हणत्यात, बाईनं दुखणं अंगावर काढलं. उद्या म्हणतीन हौस नडली, स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं. मेलेल्या बाईला असं बोल लागू देणार नाय मी. आरोहीचं लग्न व्हायचंय. तिला कुणी ऐकवलं तर?

आन् तुझी नोकरी जाईन, वर पोलीस. तू माझी एकच बहीण हे. मी सातवीतून शाळा सोडली तेव्हा आप्पा म्हणाले होते, तू माती बघ, तिला शिकू दे. मला त्याचं कधी वाईट नाय वाटलं. बायको गेली, आता बहीण बी घालवू का?

रवीचं म्हणशील तर मेल त्यानंच उघडली ना? तो तरणा हे. त्याला कुठं बी काम भेटन.

राखी पुनवेला ये. आई वाट बघती. ह्या गोष्टीवर परत बोलायचं नाय, लिहायचं बी नाय.

जीवन

*

इंदिरानगर, नाशिक
१९ ऑगस्ट २०२५

जीवन,

लिहायचं नाही म्हणालास, तरी लिहिते. हे शेवटचं.

राखीला मी आले. तू पाट मांडला होतास. आईनं नारळी भात केला होता आणि माझ्या ताटात दोनदा वाढला. मी राखी बांधली. तू हळूच विचारलंस, “ऐकशीन ना माझं?” मी मान हलवली. खोटी नव्हती हलवली. त्या दुपारी मला वाटलं, सुटले. तू मारशील, थुंकशील, तोंड पाहणार नाहीस असं सगळं धरून चालले होते, आणि तू पोटात घेतलंस. गावी गेलेलं माणूस घरी परत यावं तशी झोप लागली त्या दिवशी. नऊ दिवस मी रोज ठरवत होते की गप्प बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काल त्या हॉलमध्ये तू माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होतास, तेव्हाही तेच ठरलेलं होतं. समोर रवी. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, बरोबर म्हातारे वडील. अध्यक्षांनी त्याला विचारलं, तुमच्या बचावात आणखी काही सांगायचंय का? तो उठला आणि म्हणाला, “मी वकील आणलेला नाही, साहेब. मॅडमनी मला माउस धरण्यापासून काम शिकवलंय. त्या जे सांगतील ते मला मान्य आहे.” आणि बसला. त्याच्या वडिलांनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प बसले असते. खरं सांगते, बसले असते.

पुढचं तू ऐकलंसच, पण तू मान खाली घालून बसला होतास, म्हणून लिहिते. वगळलेली तपासणी, सगळ्यांना दिलेली मुभा, न पाठवलेला कागद, डिस्क, सोमवारची पावणेनऊची वेळ, अकरा दिवसांचं नाटक, सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “काढलेली डिस्क परत का जोडलीत?” मी म्हटलं, पूजेत दिवा दिसावा म्हणून. “कुणी सांगितलं होतं?” मी म्हटलं, कुणी नाही, माझीच हौस. ते म्हणाले, “त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं?” मी म्हटलं, मी एकटी होते. लंकाचं नाव कुठेही आलेलं नाही. तुला दिलेल्या शब्दातला तेवढा भाग मी पाळला आहे. कागदावर सही केली आहे, आता तो बदलणार नाही. रवीला कामावर परत घ्यायचं पत्र या आठवड्यात निघेल. माझं प्रकरण पोलिसांत जाईल. ते जाऊ दे.

बाहेर पायऱ्यांवर रवीचे वडील माझ्या पाया पडायला वाकले. मी मागे सरले आणि तू मागेच उभा होतास. मला वाटलं, शब्द मोडला म्हणून बोलशील. तू एवढंच विचारलंस, “ताई, परक्याच्या पोरासाठी तुझं तोंड उघडलं. लंका जिती होती तव्हा का नाय उघडलं?” आणि उत्तर न ऐकता निघून गेलास. एवढ्या गर्दीत मी तुला हाकही मारली नाही.

रात्री आईचा फोन आला नाही. आज सकाळीही नाही.

उत्तर द्यायला कालपासून बसले आहे. चार कागद फाडले. पहिल्यात लिहिलं की मी घाबरले होते. नव्हते घाबरले. त्या सोमवारी पोलीस, तुरुंग काही माझ्या डोक्यात नव्हतं, आणि तेव्हा नोकरीही गेली नसती. पूजेत विसरले म्हटलं असतं तर डॉक्टर ओरडले असते, लोक आठ दिवस हसले असते आणि प्रकरण मिटलं असतं. दुसऱ्यात लिहिलं की लंकाला एवढा धोका आहे हे मला कळलं नाही. कळत होतं. आठ आठवड्यांचा तो नियम डॉक्टरांच्या पत्रात मीच टाइप केला आहे, एकदा नाही, शेकडो वेळा. बाकीच्या दोन कागदांत काय होतं ते सांगण्यासारखंही नाही.

खरं उत्तर एका ओळीचं आहे. मला लाज वाटली. बावीस वर्षं ज्यांना मी शहाणपण शिकवलं त्यांच्यापुढे मूर्ख ठरायची लाज. तेवढ्यासाठी मी तुला थांब म्हणाले, आणि तू थांबलास.

मंजुषा